टुविक्सचे वकील

न्यू जर्सीत एडिसनच्या मराठी घरांत एक नियम हळूहळू रुजला आहे. वकील जेवायला येणार असेल तर त्याच्यादेखत दोन गोष्टी एकत्र करायच्या नाहीत, आणि केल्याच तर त्या पुन्हा वेगळ्या करण्याची भाषा काढायची नाही. मध्यंतरी एका यजमानीणबाईंनी आमरसासाठी हापूसचा एक आणि केसरचा एक असे दोन डबे फोडून एकाच पातेल्यात ओतले, चव घेतली आणि म्हणाल्या, "नुसता हापूसच बरा होता." झालं! पुऱ्या फुगल्या, बसल्या, गार झाल्या, तरी वकिलाचं संपेना. "बरा होता म्हणजे? आता पातेल्यात जे आहे त्याला स्वतःचं काही अस्तित्व आहे की नाही?"

वकील हे टोपणनाव. कोर्टाची पायरी तो एकदाच चढलाय, तीही गाडी वेगात चालवल्याच्या दंडासाठी. आणि तिथे गप्प बसून पैसे भरून आला. धंद्यानं तो सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेणारा. त्याचं अशील मात्र एकच. ते सोमवार, ६ मे १९९६ च्या रात्री जन्माला आलं आणि त्याच रात्री, जाहिराती धरून तासाभरात, वारलं. त्याचं नाव टुविक्स.

ज्यांनी 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'चा हा भाग पाहिलेला नाही, त्या सुखी माणसांसाठी हकीकत अशी. व्हॉयेजर नावाचं अंतराळयान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय. परतीचा प्रवास पंच्याहत्तर वर्षांचा. कप्तान कॅथरीन जेनवे. हे काम केट मलग्रूनं केलं, आणि स्टार ट्रेकच्या एखाद्या मालिकेचं सुकाणू कप्तान म्हणून बाईच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. यानावर टुवॉक नावाचा सुरक्षा अधिकारी आहे. व्हल्कन जमातीचा, म्हणजे स्पॉकचा जातभाई, भावना म्हटलं की अंग चोरणारा. आणि नीलिक्स नावाचा आचारी आहे. हा बडबड्या, गळ्यात पडणारा, लिओला नावाचा कसलासा कंद प्रत्येक पदार्थात घालणारा. दोघं एका ग्रहावर झाडपाला गोळा करायला जातात. परत येताना ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसाचे कण सुटे करून दुसरीकडे जुळवणारं ते प्रसिद्ध यंत्र, त्या दोघांना एका ऑर्किडसकट कालवतं आणि समोर एकच माणूस उभा करतं. अंगावरचे कपडेसुद्धा दोघांच्या कपड्यांचे मिसळून झालेले.

हा टुविक्स निघाला फार चांगला. टुवॉकइतका हुशार, पण माणसांत मिसळणारा. नीलिक्सइतका प्रेमळ, पण कुठे थांबावं हे कळणारा. स्वयंपाक तर नीलिक्सहून सरस. दिवस जातात, सगळ्यांना त्याचा लळा लागतो. मग डॉक्टरला दोघांना पुन्हा वेगळं करण्याची युक्ती सापडते. टुविक्स म्हणतो, मला नको, मला जगायचंय. कप्तान रात्रभर विचार करते आणि ठरवते की टुवॉक आणि नीलिक्सच्या वतीनं बोलणारं कुणी नाही, तेव्हा ते मलाच बोललं पाहिजे. टुविक्स ब्रिजवर, म्हणजे यान जिथून चालवतात तिथे, एकेकाच्या तोंडाकडे बघत विनवतो. कुणी अक्षर बोलत नाही. यानावरचा डॉक्टर हा हाडामांसाचा माणूसही नव्हे, प्रकाशाचं चित्र आहे नुसतं. पण तो म्हणतो, रोग्याच्या मर्जीविरुद्ध त्याचा जीव घेणं माझ्या शपथेत बसत नाही. मग कप्तान स्वतः कळ दाबते. टुवॉक आणि नीलिक्स परत येतात. कप्तान दोघांचं स्वागत करते, दवाखान्यातून बाहेर पडते, बोळातून चालत कॅमेऱ्याकडे येते. एक शब्द नाही. तिच्या चेहऱ्यावर भाग संपतो.

वकील त्या वर्षी नुकताच इथे एम.एस. करायला आलेला होता. चार पोरं, एक टीव्ही, कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला सोफा. भाग संपल्यावर बाकीचे तिघं भांडी घासायची पाळी कुणाची यावर भांडायला उठले. हा बसून राहिला. माझ्या मते तो तिथून अजून उठलेला नाही.

या जातीचा माणूस मालिकेचा चाहता असतो असं लोक समजतात. तसं नाही. चाहत्याला मालिका आवडते. वकिलाला व्हॉयेजरचे १७२ भाग पाठ आहेत, पण त्यातल्या बऱ्याचशा भागांबद्दल तो चांगलं बोललेला कुणी ऐकलेलं नाही. मालिकेच्या पहिल्याच वर्षात सांगितलं होतं की यानावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि संपले तर नवे मिळणार नाहीत. हा आणि याच्यासारखे कितीतरी लोक सात वर्षं मोजत बसले, ३८ च्या पुढे गेल्यावर त्यांना जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मात्र टुविक्सचं प्रकरण त्या जातीचं नव्हे. तिथे त्याचा आवाज बदलतो. 'जेनवे' हे नाव तो उच्चारत नाही, 'त्या बाई' म्हणतो. ब्रिजवर विनवणी चालली असताना कोण खाली बघत होतं आणि कोण पडद्याकडे, याचा पंचनामा त्याला तोंडपाठ आहे. टुविक्सचं काम टॉम राइट या नटानं केलं, तेवढ्या एका भागापुरतं. हाच नट 'साइनफेल्ड'मध्ये यँकीजच्या कचेरीतला मॉर्गन म्हणून दिसला, की वकील हळवा होऊन म्हणतो, "बघा, नोकरीधंद्याला लागला असता."

असा माणूस एकटा असता तर निभावलं असतं. पण त्याला जोडीदार मिळाली.

डॉक्टरीणबाई भूलतज्ज्ञ आहेत. माणसाला झोपवणं आणि परत जागं करणं हे रोजचं काम, त्यामुळे कळ दाबणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मुळातच सहानुभूती. शिवाय १९९५ च्या जानेवारीत यूपीएन वाहिनी सुरू झाली ती याच मालिकेनं, आणि तेव्हा शाळेत असलेल्या या मुलीनं कप्तानाच्या खुर्चीत बाई पाहिली ती कायमची. इंडियानातल्या ब्लूमिंग्टन गावात जेनवेचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. ती पुढेमागे त्या गावात जन्मणार म्हणून चाहत्यांनी २०२० मध्ये आधीच उभारून ठेवला. डॉक्टरीणबाई तिथे गाडी चालवत गेल्या आणि पुतळ्याशेजारी कॉफीचा कप घेऊन फोटो काढून आल्या, कारण जेनवेचा कॉफीवर भारी जीव. वकील एकदा कामासाठी इंडियानापोलिसला गेला होता. तिथून ब्लूमिंग्टन तासाभरावर. तो गेला नाही, आणि गेला नाही हे परत आल्यावर सगळ्यांना सांगत सुटला.

दोघं एकमेकांना एरवी अरे-तुरे करतात. वाद पेटला की 'अहो' वर येतात, आणि 'आपण' वर आले की यजमानानं मिठाई बाहेर काढायची वेळ झाली असं समजावं.

"दोन रोगी आहेत माझ्यासमोर," बाई सुरू करतात. "दोघांनी मरायला संमती दिलेली नाही. टुवॉकची बायको आणि चार मुलं घरी वाट बघतायत. तिला काय सांगू? तुझा नवरा आहे, पण आता तो भाजी फार छान करतो?"

"टुविक्सनं संमती दिली होती का?"

"टुविक्स हा अपघात आहे."

"अपघातानं जन्माला आलेल्यांना मारायचं ठरवलं, तर या खोलीतले किती उरतील?"

इथे हटकून कुणाला तरी ठसका लागतो.

मग दाखले निघतात. बाईंचा हुकमी दाखला १९६६ चा आहे. पहिल्या स्टार ट्रेकमध्ये ट्रान्सपोर्टरनं कप्तान कर्कचे दोन तुकडे केले होते, एक भला पण मिळमिळीत, दुसरा दुष्ट. दुष्टसुद्धा जगायचंय म्हणून ओरडला होता. तरी दोघांना परत एक केलंच. "तेव्हा कुणी खून म्हटलं नाही. का? कर्क पुरुष होता म्हणून!" वकिलाचं उत्तर तयार असतं: तिथे मूळ माणूस एक होता आणि शेवटी एकच राहिला, हिशेब जमला. इथे हिशेब जमवायला तिसऱ्याला खोडला. त्याच्या बाजूला १९९३ चा भाग आहे. त्यात रायकर या अधिकाऱ्याचे यंत्रानं चुकून दोन झाले, आणि दोघांनाही जगू दिलं. एकानं टॉमस हे मधलं नाव घेतलं, मिटलं. बाई लगेच १९८९ काढतात. त्यात याच रायकरनं स्वतःचा अर्धवट तयार झालेला क्लोन शस्त्रानं उडवला आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही असं कुठे दाखवलेलं नाही. वकील म्हणतो, तो जागा झाला नव्हता, बोलला नव्हता. बाई म्हणतात, म्हणजे बोलता येणाऱ्यालाच हक्क? आमच्या अतिदक्षता विभागात येऊन हे सांगा. इथे दोघं 'आपण' वर आलेले असतात. बर्फी फिरते.

हे सगळं इंग्रजी मालिकांपुरतं होतं तोवर ठीक होतं. गणपतीत मंडळाच्या एका ज्येष्ठ काकांनी मध्ये जरासंध आणला. दोन राण्यांच्या पोटी दोन अर्धी मुलं, जरा राक्षसिणीनं ती जुळवली, आणि भीमानं त्याला उभा चिरून फाका उलटसुलट फेकल्या. काकांना वाटलं विषय मिटेल. वकील उजळला: "बघा! त्याला जरासंधाचा वध म्हणतात. जरासंधाचा उपचार म्हणत नाहीत!" त्यावर डॉक्टरीणबाईंनी शांतपणे प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. "भीमाच्या हातून निघालेल्या दोन फाका उठून जेवायला बसल्या नाहीत. जेनवेच्या बसल्या." आरतीला सात मिनिटं उशीर झाला आणि काका अजून दोघांशी बोलत नाहीत.

वकिलाची बायको या वादात पडत नाही. ती चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि तिला एकच गोष्ट माहीत आहे, जी तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सांगितली. "अरे, मालिकेच्या सुरुवातीला नावं येतात त्यात टुवॉकचं काम करणारा टिम रस आणि नीलिक्सचं काम करणारा ईथन फिलिप्स आहेत ना? दोघांचे करार आहेत. मग तो पाहुणा मरणारच. यात नीती कुठून आली?" हे म्हणणं अचूक आहे, आणि ज्या एका मुद्द्यावर वकील आणि डॉक्टरीणबाई एकजुटीनं दुसऱ्या माणसावर तुटून पडतात तो हाच. कराराचं नाव काढलं की दोघांचे चेहरे, भर कीर्तनात कुणी बुवांची बिदागी विचारावी, तसे होतात.

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि हे मी त्यांच्यासमोर म्हणणार नाही, मला अजून या गावात राहायचंय. पण इतकी वर्षं ऐकून माझा असा समज झालाय की भांडण टुविक्सच्या मरणावरून नाहीच. टुविक्सचा भाग १९९६ च्या ६ मे ला लागला. १३ मे ला पुढचा भाग. त्यात कप्तानाला एका ग्रहावर कसलासा किडा चावतो, ती तिथे अडकते आणि यानाची सूत्रं कुणाकडे येतात? टुवॉककडे. आठवड्यापूर्वी ज्याच्यासाठी एक माणूस खोडला तो टुवॉक कप्तानाच्या खुर्चीत बसलाय, आणि खाली स्वयंपाकघरात नीलिक्स लिओला सोलतोय. टुविक्सचं नाव कुणी काढत नाही. ना चौकशी, ना शोकसभा, ना जेवणाच्या टेबलावर एखादी रिकामी खुर्ची. व्हॉयेजरची ही खोडच होती; या आठवड्याचा गोंधळ याच आठवड्यात निस्तरायचा आणि पुढच्या वेळी पाटी कोरी. चाहते याला रीसेट बटण म्हणतात. दुसऱ्या एखाद्या मालिकेत ती कप्तान पुढची पाच वर्षं तो बोळ चालत राहिली असती. २००३ मध्ये 'एंटरप्राइज' या नंतरच्या मालिकेत जवळजवळ हाच पेच आला होता. अभियंत्याचा जीव वाचवायला वाढवलेला सिम नावाचं त्याचं प्रतिरूप, आणि त्याचंही जगायचं मन. तिथे त्या सिमला रीतसर निरोप दिला. म्हणून असेल, त्याच्यावरून एडिसनमध्ये कुणाचं जेवण गार झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मधे काही वर्षं जरा शांतता होती. मुलं, गृहकर्ज, कोलेस्टेरॉल. मग २०२३ च्या सप्टेंबरात 'लोअर डेक्स' या स्टार ट्रेकच्या विनोदी कार्टून मालिकेनं जुनं यान व्हॉयेजर संग्रहालयात नेण्याच्या निमित्तानं तोच अपघात पुन्हा घडवला, तेच ऑर्किड घेऊन. आणि त्यातली दुसरी कप्तान, काय करावं म्हणून जेनवेची नोंदवही उघडून बघते, तर तिची बोबडी वळते! वकिलानं त्या रात्री साडेअकरा वाजता डॉक्टरीणबाईंना फोन केला. "सत्तावीस वर्षांनी का होईना, फेरविचार याचिका दाखल झाली!"

"कार्टून पुराव्यात धरत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांची सकाळी सहाची शस्त्रक्रिया असल्यानं फोन ठेवला.

"कॅनन आहे ते, अधिकृत!" हा बंद फोनला सांगत राहिला.

अशातच यंदा वकिलाच्या आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या. डॉक्टरीणबाई भेटायला म्हणून आल्या, चहा झाला, आणि आईंनी भाबडेपणानं विचारलं, "तुम्ही दोघं कशावरून भांडता गं? हा फोनवर नुसता 'टुविक, टुविक' करत असतो." दोघांनी तिथल्या तिथे भाग लावला. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला बाई, दोघं आपापल्या पक्षाचं भाषांतर करतायत, आणि मध्ये आई तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. फ्रोझनच्या जमान्यात त्या शेंगा त्यांनी कुठून मिळवल्या देव जाणे.

आईंनी मुकाट्यानं पाहिला. मधेच एकदा विचारलं, "आचारी कोणता? तो गालांवर ठिपके असलेला? बरं." ब्रिजवरच्या प्रसंगात सोलायचं थांबल्या. शेवटी कप्तान बोळातून चालत आली, पडदा काळा झाला, आणि दोघं न्यायाधीशाकडे बघावं तसे आईंकडे बघू लागले.

"त्या दोघांना आठवतं का रे," आई म्हणाल्या, "की आपण एक होतो?"

वकिलानं तोंड उघडलं. बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत रायकर, कर्क, जरासंध, सगळे होऊन गेले होते. हे कुणी विचारलं नव्हतं.

"दाखवलं नाही, आई."

"विषयच निघाला नाही पुढे," बाई म्हणाल्या.

"मग त्याचे दिवस कुणी घातले?"

"कुणाचे?"

"त्या गेलेल्याचे. सुतक नाही, दहावं नाही, तेरावं नाही. चांगला हसताखेळता माणूस गेला आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली मेल्यांनी. मग तो कुठे जाणार? बसलाय तुमच्या मानगुटीवर. एकदाचं करून टाका, सुटाल."

मला वाटलं दोघं हसतील. पण वकील टेस्टर आहे. कुठलीही सूचना आली की तो आधी अडचणी बघतो. पहिली अडचण तिथीची. भाग दाखवला १९९६ मध्ये, पण गोष्टीतलं साल २३७२ आहे. म्हणजे टुविक्स अजून मेलेला नाही. मेलेला काय, जन्मलेलाही नाही. साडेतीनशे वर्षांनी मरणाऱ्या माणसाचं श्राद्ध आज कसं करणार?

"जेनवेही अजून जन्मलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ब्लूमिंग्टनला पुतळा आहेच की."

वकिलानं तो पुतळा आयुष्यात पहिल्यांदा दाखला म्हणून मान्य केला. गोत्राची अडचण आईंनीच सोडवली. ठाऊक नसेल त्याचं काश्यप म्हणायचं, त्यात व्हल्कनही आले आणि ते ठिपकेवालेही. गुरुजी मिळतील का, या प्रश्नावर वकिलाची बायको आतून म्हणाली की ब्रिजवॉटरच्या देवळात विचारायचं असेल तर तुझं तू विचार, मी फोन करणार नाही. भात कसला, लिओला कंदाला पर्याय म्हणून सुरण चालेल का, हेही बरंचसं सामोपचारानं ठरलं. दोघं पुन्हा अरे-तुरे वर आले होते.

"पिंड एकच ना?" आईंनी शेंगांची टरफलं गोळा करत विचारलं.

"एकच," वकील म्हणाला.

डॉक्टरीणबाई थांबल्या. एक म्हणावं तर एक माणूस मेला हे पदरात येतं. नाही म्हणावं तर आईंचा शब्द मोडतो.

"दोन," त्या म्हणाल्या. "अर्धे अर्धे."

वकिलानं खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे बेरीज एक. म्हणजे निदान एक माणूस गेला, हे आपण कबूल करता तर, डॉक्टर."

"मी भाताबद्दल बोलतेय, वकीलसाहेब!"

वकिलाची बायको बर्फीचा डबा घेऊन बाहेर आली.